शांततेची परवानगी

माईक घरात येईपर्यंत आमच्या कॉलनीत एवढा आवाज आहे, हे मला माहीतच नव्हतं. कान होते, पण संसारी बाईचे कान दुसऱ्याच कामाला लागलेले असतात. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, ऐकायच्या नसतात. नळाला पाणी आलं की बादली लावायची असते, पाण्याचा आवाज कसा आहे ते बघत बसायचं नसतं. माईकला संसार नाही, त्यामुळे तो सगळंच ऐकतो. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर एक वाक्य बोलले आणि परत लावून ऐकलं, तर माझ्या वाक्याच्या मागं आमचा फ्रीज, शेजारचा कूलर, तिसऱ्या घरचा बोअर, भोंग्यावरून कांदे विकणारा आणि कुठूनतरी एक कोकिळा, असे सगळे हजर होते. माझं वाक्य त्यांच्यात पाहुण्यासारखं अंग चोरून उभं होतं.

मी नायगावला एका शाळेत मराठी शिकवते आणि नांदेडला तरोड्याच्या बाजूला राहते. म्हणजे रोज जीपनं जाणं-येणं. या जीपमध्ये बायांची जी बोलणी वर्षानुवर्षं कानावर पडली, त्यावर मी एक नाटक लिहिलं. बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. एक ड्रायव्हर, पाच बाया, आणि नांदेड ते नायगाव रस्ता. 'नायगाव जीप' असं साधं नाव दिलं. ते कुणी मागितलं नव्हतं आणि त्याला कुणी पैसेही देणार नव्हतं. स्वतःच्या खर्चानं रेकॉर्ड करायचं आणि इंटरनेटवर टाकायचं, एवढाच बेत. लातूरला वैजनाथ नावाचे एक साउंडवाले आहेत, भजनांची नि लग्नाच्या व्हिडिओंची कामं करतात. ते फोनवर म्हणाले, तुम्ही घरी फक्त स्वच्छ आवाज रेकॉर्ड करून पाठवा, बाकीची सजावट माझ्याकडं लागली. या 'फक्त'वर मी विश्वास ठेवला. मराठीची शिक्षिका असून.

जे व्हायचं ते मे महिन्यातच व्हायला पाहिजे होतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की मी संपले, आणि त्यात यंदा जनगणनेचं काम शिक्षकांच्याच गळ्यात पडणार, असं स्टाफरूममध्ये सगळे बोलून राहिले होते. शिवाय सुट्टी लागताना मी उत्साहाच्या भरात नाटकाची गोष्ट सांगून बसले होते. मुख्याध्यापकांनी तेवढ्यावर शाळेच्या ग्रुपवर माझं अभिनंदन टाकलं आणि खाली चाळीस जणांनी फुलांचे गुच्छ पाठवले. नाटक झालं नसतं तर ते गुच्छ परत कुणाला करणार होते?

नट मंडळी घरचीच. ड्रायव्हर म्हणजे माझे मिस्टर, प्रेम. ते पाटबंधारे खात्यात आहेत, आवाज चांगला आहे, फक्त तो घरात सहसा निघत नाही. पाच बायांपैकी चार मीच. पाचवी म्हातारी, तिच्यासाठी माझ्या सासूबाई, भीमाबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मामंजी गेल्यावर आम्ही त्यांना चाकूरहून इकडं आणलं. बोलणं असं की ऐकत राहावं. मिरचीचा ठेचा आणि गुळाचा खडा एकाच वेळी तोंडात टाकल्यासारखं. नाटकातली म्हातारी मी त्यांच्यावरूनच लिहिली होती, हे त्यांना सांगितलं नव्हतं एवढंच.

पहिल्या रेकॉर्डिंगला मी पंखा, कूलर आणि फ्रीज बंद केला, खिडक्या लावल्या आणि पलंगावर गोधड्यांचा तंबू करून प्रेमना आत बसवलं. बाहेर नांदेडचा मे महिना. ड्रायव्हरचं पहिलं वाक्य होतं, 'सरका सरका, अजून एक बाई बसती.' हे वाक्य बोलून ते तंबूतून बाहेर आले तेव्हा त्यांची बनियन पिळायच्या लायकीची झाली होती. मला म्हणाले, बाई बसली का माहीत नाही, पण ड्रायव्हर गेला. तेवढ्यात लातूरहून दिपालीचा फोन आला. ही आमची मुलगी, तिकडं होस्टेलवर राहून नीटचे क्लास करते. तिचा पांढरा ड्रेस कुठं आहे, असं तिला विचारायचं होतं. ड्रेस लातूरला तिच्याच खोलीत दाराच्या मागं होता, हे मी नांदेडहून सांगितलं. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे हे सगळं रेकॉर्ड झालं. ते मी तसंच वैजनाथना नमुना म्हणून पाठवलं, तर त्यांचा निरोप आला की मागं कुत्रं आहे, कुकर आहे, मधेच कुणीतरी भांडी आपटून राहिलंय. पण ती फोनवरची मुलगी फार नैसर्गिक बोलली, तिला अजून दोन-तीन वाक्यं द्या.

या भानगडीत फ्रीज चालू करायचा राहिला. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी दार उघडलं तेव्हा दूध फाटलं होतं, रविवारचं मटण गेलं होतं, आणि त्यांनी स्वतः पिळून ठेवलेला आमरस फेसाळून भांड्याबाहेर आला होता. त्यांनी भांडं उचलून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "घे, तुझ्या नाटकाला."

शेजारी शेषेरावकाका राहतात. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून सल्ल्याच्या खात्यात रुजू झालेले. त्यांनी कुंपणावरूनच निदान केलं. भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे लावा, आवाज शोषून घेतात, त्यांच्या साडूच्या मुलानं पुण्यात असंच केलंय. आणि नुसता सल्ला देऊन थांबले नाहीत, ओळखीच्या पोल्ट्रीतून रिक्षाभर ट्रे पाठवून दिले. ते चिकटवायला दोन दिवस गेले. आवाज किती शोषला गेला कळलं नाही. वास मात्र सुटला, मुंग्या लागल्या, आणि खिडकीतून भिंत बघून मागच्या गल्लीतल्या एक बाई पिशवी घेऊन आल्या. डझनाचा भाव विचारत होत्या. मी त्यांना सांगितलं की इथं नाटक चालू आहे. त्या म्हणाल्या, बरं, मग अर्धा डझन द्या.

आता आत्याबाईंचं. त्यांना मी माईकसमोर बसवलं, खोकून घ्यायला लावलं, आणि 'मला फाट्यावर उतरीव रं बाबा' हे वाक्य म्हणायला सांगितलं. त्यांनी पदर नीट केला, मान ताठ केली आणि म्हणाल्या, "बंधू, मला पुढील फाट्यावर उतरावयाचे आहे."

मी म्हणलं, आत्याबाई, रोज बोलता तसं बोला. त्या म्हणाल्या, रोजचं रोज. हे चार लोक ऐकणार, रेडिओवर अशीच भाषा असती, मला काय माहीत न्हाई का. मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा 'उतरावयाचे'. वर्गात वर्षभर मी पोरांच्या 'हाय' आणि 'न्हाई'वर लाल पेन चालवते, आणि इथं एका म्हातारीपुढं हात जोडून म्हणत होते की कृपा करून अशुद्ध बोला. त्यांना ते पटलं नाही. मास्तरीण असून सुनेला शुद्ध भाषा नको, हे त्यांनी फोन करून चाकूरलाही कळवलं.

काका म्हणाले, या घरात काही होणार नाही. कॉलनी गप्प करायची असेल तर एकच इलाज: दिपाली घरी आली आहे आणि तिची परीक्षा आहे असं सांगा. काकांचं म्हणणं खरं होतं. नीट म्हणलं की लोक टीव्ही बंद करतात, बोअर रात्रीवर ढकलतात, कुत्र्यालासुद्धा आत घेतात. पण हे ऐकून मी अशी चिडले की काही विचारू नका. पोरीसाठी शांतता मागायला मी दारोदार फिरले असते. स्वतःसाठी मागायची तर तोंडच उघडत नव्हतं. एक तास, फक्त एक तास मला हवा होता, ज्यात कुणी शिजणार नाही, गळणार नाही, वाजणार नाही आणि मला हाक मारणार नाही. त्यासाठी पोरीचं नाव खोटं लावायचं म्हणजे मग नाटकावरही तिचंच नाव टाकावं लागलं असतं. मी काकांना नाही म्हणलं आणि भाड्यानं एखादा हॉल बघायचा ठरवला.

गावात एक जुनं सभागृह आहे. जाड भिंती, भोवती बाग, उन्हाळ्यात कुणी फिरकत नाही. तिथल्या ऑफिसातल्या साहेबांना मी अर्ज दिला: 'ध्वनिमुद्रणासाठी एक दिवस सभागृह मिळणेबाबत.' त्यांनी अर्ज वाचला, 'ध्वनी' या अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ध्वनी असेल तर पोलिसांची परवानगी आणा. मी सांगितलं की मला ध्वनी करायचा नाही, उलट नको आहे. ते म्हणाले, अर्जात लिहिलंय. मी म्हणलं, 'मुद्रण' बघा की पुढं. ते म्हणाले, मुद्रण असेल तर मग प्रेसचंही एक पत्र जोडा. मी 'मुद्रण'वरून त्यांचं लक्ष हळूच काढून घेतलं आणि पोलीस स्टेशनला गेले.

तिथले हवालदार सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला आणि किती स्पीकर लावणार असं विचारलं. एकही नाही, असं मी सांगितलं. मग परवानगी कशाची? शांततेची, मी म्हणलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्याडम, शांततेला परवानगी लागत न्हाई. ती मोडली तर आमच्याकडं कलम हाय. नुसती पाळायची असली तर पाळा की, कोण अडवतंय?"

मला कोण कोण अडवतंय हे मी त्यांना सांगायला लागले. फ्रीजपासून सुरुवात केली. बोअरपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं आणि रकाना मोकळा ठेवता येत नाही म्हणून स्पीकर दोन असं लिहून टाकलं. मी राहण्याचा पत्ता सांगितला होता, तो त्यांनी कार्यक्रमाच्या ठिकाणासमोर टाकला. असा सही-शिक्क्याचा कागद घेऊन मी सभागृहात गेले, तर साहेब म्हणाले, ही परवानगी तुमच्या घराची आहे, हॉलची नाही. आता तुम्ही घरीच करा. एकूण चार दिवस हिंडून मला माझ्याच घरात, येत्या गुरुवारी, दोन मोठे स्पीकर लावायची सरकारी मुभा मिळाली होती.

हे मी घरी येऊन रडकुंडीला येऊन सांगितलं. प्रेम हसले नाहीत, म्हणून मी त्यांची अजूनही आभारी आहे. पण खिडकी उघडी होती. पाच मिनिटांत शेषेरावकाका दारात. त्यांच्या नातवाचं जावळ गुरुवारीच होतं. स्पीकरची परवानगी काढायची त्यांच्याकडून राहून गेली होती. ते म्हणाले, "म्याडम, तुमची परवानगी नुसती वाया जाऊन राहिली. तेवढीच लेकराच्या कामी येईल."

रिक्षाभर ट्रे देणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी कागद दिला. ज्या बाईला तासभर शांतता पाहिजे होती, तिनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या खिडकीसमोर दोन स्पीकर आणून उभे केले, असा याचा अर्थ होतो. त्या वेळी तो माझ्या लक्षात आला नाही.

गुरुवारी सकाळपासून खिडक्यांची तावदानं थरथरत होती. भिंतीवरचे ट्रे एक-एक करून खाली पडले. मांडवात पाहुणे, मांडवाला कूलर, घरोघरी कूलर, वर ते स्पीकर. जेवणाच्या पंगती बसल्या आणि कोपऱ्यावरच्या डीपीनं, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरनं, एक मोठा आवाज केला, धूर सोडला आणि अंग टाकलं. अख्खी कॉलनी बंद पडली. नवीन डीपी यायला दोन-तीन दिवस लागतील, असं कळलं.

संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर चौकशी सुरू झाली की एवढे मोठे स्पीकर लावायची परवानगी दिली कुणी. कुणीतरी कागदाचा फोटो टाकला. त्यावर माझं संपूर्ण नाव, पत्ता आणि हुद्दा होता. कुणाचं फ्रीजमधलं इडलीचं पीठ गेलं, कुणाचे सासरे घामानं बेजार झाले, त्या सगळ्यांच्या खाली माझं नाव. एका सुजाण नागरिकानं पोलिसांकडं तक्रारही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. तेच हवालदार, तीच खुर्ची, पंखा मात्र या वेळी माझ्याकडं वळवला नाही. मी लेखी जबाब दिला की माझा आवाजाला पूर्वीपासून विरोध आहे. शेषेरावकाका माझ्यासोबत आले होते, माणूस म्हणून ते वाईट नाहीत. ते हवालदारांना म्हणाले, म्याडमचा स्वभाव तसा शांत आहे, हे पहिल्यांदाच झालं. हवालदारांनी पुढच्या वेळी काळजी घ्या म्हणून सोडून दिलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी कधी मेमो घेतला नव्हता.

घरी आले ती डोक्यात आग घेऊन. ठरवलंच होतं, माईक डब्यात भरायचा, नाटक कपाटात टाकायचं, आणि मुख्याध्यापकांना सांगायचं की तब्येत बरी नाही. चप्पल काढली, आत आले आणि तशीच उभी राहिले.

काहीतरी वेगळं होतं. काय ते लवकर कळेना. मग कळलं की काहीच ऐकू येत नव्हतं. फ्रीज मेलेला, बोअर मेलेले, टीव्ही मेलेले. निम्मी कॉलनी नातेवाइकांकडं निघून गेली होती, उरलेली कडुलिंबाखाली निपचित पडली होती. भोंगेवाला आदल्या दिवशी बोलणी खाऊन गेल्यामुळे फिरकला नव्हता. कोकिळासुद्धा गप्प होती, तिला काय झालं होतं कोण जाणे.

प्रेमना म्हणलं, उठा. लॅपटॉप त्यांनी सकाळी ऑफिसातून चार्ज करून आणला होता. आम्ही बसलो. ओले टॉवेल डोक्यावर घेऊन, घाम पुसत, एका दमात प्रवेशांमागून प्रवेश करत गेलो. मी चार बायांच्या आवाजात स्वतःशीच भांडले, स्वतःलाच उत्तरं दिली, एकदा खिडकीच्या जागेवरून स्वतःचीच समजूत काढली. प्रेमचा ड्रायव्हर असा रंगला की मधेच त्यांनी नसलेल्या गिअरवर हात टाकला. दुपार कधी सरली कळलं नाही. शेवटचा एकच प्रवेश राहिला, आत्याबाईंचा, आणि बाहेर एकदम गलका झाला. नवीन डीपी घेऊन ट्रक सांगितल्यापेक्षा आधीच आला होता.

मी पळत बाहेर गेले. वीरण्णा नावाचे लाइनमन, देगलूरकडचे, दोन मदतनीस घेऊन खांबाजवळ उभे होते. भोवती अख्खी कॉलनी. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणलं, दादा, जोडायला थोडा उशीर करता का. त्यांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. आजपर्यंत लोकांनी त्यांना लवकर करा म्हणून शिव्या दिल्या होत्या, दगडही मारले होते. सावकाश करा म्हणणारी मी पहिलीच. मी सगळं खरं सांगितलं. म्हातारीचा एकच प्रवेश आहे, वीज आली की सगळे बोअर एकदम सुरू होतील. ते म्हणाले, बसवायला तसाबी वेळ लागतो म्याडम, चहा पाजा. मी गॅसवर चहा ठेवला आणि तो आमच्या ओट्यावर दिला. ते बसले म्हणून मदतनीस बसले, त्यांच्यावर लक्ष ठेवायला शेषेरावकाका बसले, आणि काका बसले म्हणून अजून चार-पाच जण.

आत आत्याबाई उकाड्यानं पेटल्या होत्या. वर्तमानपत्रानं वारा घेत होत्या, तर मी तेही काढून घेतलं, कारण ते खसखसत होतं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली केली. प्रेमनी ड्रायव्हरच्या आवाजात विचारलं, "आजी, तुमाला कुठं जायचंय?"

लिहिलेलं वाक्य आलं नाही. 'उतरावयाचे'ही आलं नाही.

"कुठं जायचंय," त्या म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी इचारलंच न्हाई बग. चल म्हणले की चालले. चाकूरला दिली, चाकूरला गेले. इकडं ये म्हणलात, इकडं आले."

प्रेमच्या हातात कागद होता. त्यांनी तो खाली ठेवला. ड्रायव्हरचा आवाज गेला आणि त्यांचा घरातला, कमी निघणारा आवाज आला. "मग आता सांग की. कुठं जायचंय?"

"हैदराबादला."

मी लॅपटॉपकडं बघितलं, रेकॉर्डिंग चालू होतं.

"तुझा बाप म्हणायचा, नेतो. चारमिनार दाखवतो, लाडबाजारातून बांगड्या घेऊन देतो. त्याचं रिटायर व्हायचं राहिलं होतं म्हणून थांबलो. मग गुडघे गेले. मग तोच गेला." त्यांनी पदरानं गळा पुसला. "लई लांब न्हाई म्हणत्यात. एका रातीची रेल्वे."

प्रेमनी खाली ठेवलेल्या कागदाकडं बघितलं. शेवटी ते कसंबसं म्हणाले, "आजी, ही जीप नायगावलाच जाती."

"मग कशाला इचारतोस रं?"

मी खिडकीतून ओट्याकडं बघितलं तर वीरण्णा एक हात वर करून सगळ्यांना गप्प बसवून होते आणि काकांच्या हातातला चहा तसाच होता. मग वीरण्णांनी खिडकीशी तोंड आणून अगदी हळू विचारलं, "म्याडम, आता जोडू का?"

वैजनाथनी एवढ्या कष्टानं मिळवलेल्या शांततेवर जीपच्या इंजिनाचा असा आवाज चढवला की पहिल्यांदा ऐकताना आम्ही सगळे पाण्यात बुडाल्यासारखे वाटत होतो. त्यावरून फोनवर आमचं भांडण झालं. जीप म्हणलं की जीप वाजलीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी इंजिन कमी झालं, हॉर्न त्यांच्या आग्रहाखातर राहिला. मे संपायच्या आत नाटक इंटरनेटवर गेलं. मुख्याध्यापकांनी न ऐकता पुन्हा अभिनंदन केलं आणि पुन्हा गुच्छ आले. एकानं 'कधी येणार?' असं विचारलं, एकानं 'आवाज येत नाही' असं कळवलं. कॉलनीनं मात्र ऐकलं. लाइनमनला थांबवलं ते मीच, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, पण त्यावर कुणी बोलेना. कारण जो तो एकच गोष्ट विचारत होता, की म्हातारीला हैदराबादला नेलं का. शाळेच्या कामासाठी नायगावला जाताना आमच्या जीपच्या ड्रायव्हरनं ते गाडीत लावलं, तर मागच्या सीटवरची एक अनोळखी बाई म्हणाली, "असलं कसलं लेकरू म्हणावं, एवढं आईनं सांगून." मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या लिहिलेल्या नाटकात हैदराबाद कुठंच नव्हतं. त्यात म्हातारी फाट्यावर उतरून लेकीकडं जाणार होती.

घरी आले तर प्रेम तिकिटं काढून बसले होते.

शाळा उघडायच्या आधी दोन दिवस आम्ही तिघं गेलो. आत्याबाईंनी चारमिनार खालून बघितला, वर चढायला नको म्हणाल्या, गुडघे. लाडबाजारात मात्र त्या चालतच राहिल्या. दुकानदाराशी त्यांनी अशा अस्सल दख्खनीत घासाघीस केली की प्रेम आणि मी बाजूला उभे राहिलो. मला वाटलं त्या माझ्यासाठी नाहीतर दिपालीसाठी घेतील. त्यांनी स्वतःचा हात पुढं केला. मामंजी गेल्यापासून तो मोकळाच होता. लाल रंगाच्या, मधे सोनेरी ठिपके असलेल्या, कोपराला लागतील इतक्या बांगड्या भरून घेतल्या, आणि आमच्या दोघांकडं बघितलंसुद्धा नाही.

नांदेडला उतरलो तेव्हा शेषेरावकाकांच्या मंडळी दारातच उभ्या होत्या. त्यांनी आत्याबाईंचा हात हातात घेऊन बांगड्या वरखाली करून बघितल्या, छान आहेत म्हणाल्या, आणि त्यातल्या चार तरी मला द्या हो अक्का, असं लाडानं मागितलं.

आत्याबाईंनी हात काढून घेतला. "चारमिनार तिथंच हाय," त्या म्हणाल्या. "जा की."